उतरवलेले इंजिन कुठे ठेवावे? वर्ध्याच्या ‘ऑक्सफर्ड’पासून आजच्या जुन्या मोटारींपर्यंत

१/
वर्धा आणि सेवाग्राम यांच्या दरम्यान एके काळी एक आगळी मोटार दिसत असे. गाडी होती फोर्ड कंपनीची. परंतु तिला ओढत असत बैल. इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात, म्हणून या जोडवाहनाला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ हे नाव पडले. जमनालाल बजाज यांच्या या गाडीतून गांधीजींनीही प्रवास केला. ही कथा हसून सांगितली जाते आणि तिथेच संपते. वास्तविक तिच्यात आजच्या जुन्या मोटारींविषयीचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जुन्या गाडीची चालकशक्ती बदलली, तर तिच्या मूळ भागांचे काय करावे?

२/
आज हा प्रश्न बैलांचा नाही. पन्नास-साठ वर्षांच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसते, जुन्या ॲम्बेसेडरमध्ये नंतरच्या काळातले जपानी बनावटीचे इंजिन बसते, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर येतो. गाडी पुन्हा धावू लागते आणि घरात आनंद होतो. उतरवलेले लोखंड मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात जाते, आणि तिथून बहुधा भंगाराच्या काट्यावर. या सूत्राचे म्हणणे असे: इंजिन खुशाल बदलावे, पण उतरवलेले मूळ भाग नोंदीसह गाडीपाशीच राखावेत. कारणे एकेक करून पाहू.

३/
प्रथम ‘ऑक्सफर्ड’चा काळ. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात गेले. १९४० मध्ये याच शेगावचे नाव सेवाग्राम झाले. वर्ध्यापासून हे अंतर सुमारे आठ किलोमीटरचे. याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते आणि जे. सी. कुमारप्पा ग्रामीण अर्थव्यवस्थेची मांडणी करीत होते. अशा गावात मोटारीला बैल जुंपले जाणे ही नुसती गंमत नव्हती. यंत्र आणि पशुबळ यांच्या नात्याचा जो विचार त्या परिसरात चालू होता, त्याची ती चालती-बोलती खूण होती.

४/
म्हणूनच पहिली गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘मूळ’ म्हणजे केवळ कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची अवस्था नव्हे. बैलांची जोखडे काढून ‘ऑक्सफर्ड’ पुन्हा चकचकीत फोर्ड करण्याचे कोणी योजले असते, तर तो जीर्णोद्धार नसून इतिहास पुसणे ठरले असते. गाडीत झालेला बदलही पुरावा असतो. पण बदल समजायचा, तर बदलापूर्वी काय होते हेही कळायला हवे. दोन्ही बाजू जवळ असल्या तरच गोष्ट पूर्ण होते.

५/
आता फोर्डचीच एक बाब. १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ या मोटारीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या बनल्या. या मॉडेलच्या बहुतेक काळात चासीवर स्वतंत्र क्रमांक नसे. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक हीच गाडीची ओळख असे. अशा गाडीचा ब्लॉक भंगारात गेला, की तिची जन्मतारीख सांगणारा एकमेव धातूचा दाखला गेला. उरलेली गाडी कितीही सुंदर असो, ती नेमकी कोणती हे सांगणे कठीण होऊन बसते.

६/
पुढे चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक वेगळे झाले आणि दोन्ही नोंदणी-पुस्तिकेत लिहिले जाऊ लागले. वर्ध्याच्या संदर्भात या पुस्तिकेला निराळेच महत्त्व आहे. १९४८ मध्ये वर्ध्यात नोंदलेली गाडी ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतातली. १९५० पासून तीच गाडी मध्य प्रदेशातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गाडी वर्धा सोडून कुठेही गेली नाही, पण तिच्यावरची राज्ये बदलत राहिली.

७/
म्हणजे अशा गाडीचे जुने कागद हे राज्य पुनर्रचनेचे घरगुती दस्तऐवज आहेत. त्या कागदावरचा इंजिन क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक जुळला, की कागद बोलू लागतो. लोखंड हरवले, तर कागद केवळ एक पिवळा पडलेला कपटा उरतो. इतिहासाच्या अभ्यासात ताम्रपट आणि त्यात उल्लेखिलेली जमीन दोन्ही सापडली, तर त्याचे मोल वाढते. येथेही न्याय तोच आहे.

८/
इंजिन बदलणाऱ्या मालकाला दोष देण्याचे मात्र कारण नाही. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हात जुन्या गाडीच्या नळीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचण्याआधीच वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या रबरी व बुचाच्या भागांना मानवत नाही. त्यातच पिस्टन रिंगांपासून गॅस्केटपर्यंत सुटे भाग मिळेनासे होतात. गाडी चालती ठेवायची, तर काही ना काही बदलावेच लागते.

९/
विदर्भासारख्या शेतीप्रधान भागात या बदलांनाही इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन दणकट होते, पण पेट्रोल पिणारे होते. पुढे जीपमध्ये डिझेल इंजिने आली आणि त्यांतली काही इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाच्या घराण्यातली होती. शेतातला ट्रॅक्टर आणि अंगणातली जीप यांची इंजिने चुलतभावंडे झाली. एकाच मिस्त्रीला दोन्ही दुरुस्त करता येऊ लागली.

१०/
अशा जीपमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवले, तर त्याच्या वजनाने पुढचे पाटे दबतात, बैठकीच्या पट्ट्या बदलाव्या लागतात, कधी चासीला नवी भोके पाडावी लागतात. ही भोके आणि वेल्डिंगचे सांधे म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातील इंधनखर्चाचा आणि गावच्या मिस्त्रीच्या कौशल्याचा लेख आहे. पण शेजारी मूळ पेट्रोल इंजिन ठेवलेले असेल, तरच तो लेख वाचता येतो. नाहीतर पुढच्या पिढीला वाटते, गाडी अशीच जन्मली.

११/
दुसरे उदाहरण ॲम्बेसेडरचे. योगायोग असा, की तिचेही मूळ एका ‘ऑक्सफर्ड’मध्येच आहे. ब्रिटनच्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ मालिका ३ या मोटारीवरून ती घडली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधील उत्तरपाडा येथे बनू लागली. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन ही तिची दीर्घकाळची ओळख. पुढे डिझेल आले आणि १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले. बाहेरून जवळजवळ तीच दिसणारी गाडी आतून अशी तीनदा बदलली.

१२/
त्यामुळे जुन्या ॲम्बेसेडरमध्ये इसुझू इंजिन बसवणे मालकाला सोपे वाटते. कारखान्यानेही तेच केले होते. धोका नेमका इथेच आहे. बाहेरचे रूप सारखे असल्याने बदल डोळ्यांना दिसत नाही. साठच्या दशकातील गाडीत नव्वदच्या दशकातील इंजिन असले आणि जुने टाकून दिलेले असले, तर ती गाडी पाहून लिहिलेला इतिहास तीस वर्षांनी चुकेल. पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक छायाचित्रावर विश्वास ठेवील, आणि छायाचित्रात बॉनेटखालचे दिसत नाही.

१३/
कायद्यानेही आता या प्रश्नाला धार आणली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ‘विंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण असते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते.

१४/
या नियमांतील कळीची अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. म्हणजे १९६८ ची जीप केवळ वयाने पात्र ठरत नाही. तिचे मूळ इंजिन घरात जपून ठेवलेले असेल, तर ते पुन्हा बसवून तिला मूळ रूपाकडे नेण्याचा मार्ग मोकळा राहतो. ते तीस रुपये किलोने गेले असेल, तर मार्गच बंद. ज्या मालकाने १९९५ मध्ये इंजिन विकले, त्याला २०२१ चा नियम दिसणे शक्य नव्हते. आजच्या मालकाला तो दिसतो आहे.

१५/
याशिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ आहेच. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी-पुस्तिकेतील नोंदी विसंगत होतील असा बदल करण्यास ते मनाई करते. इंधनबदलासारख्या गोष्टींना ठरावीक अटींवर वाट देते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. तेव्हा इंजिन बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी आणि बदलानंतर पुस्तिकेत नोंद, हा क्रम पाळणे ही केवळ कायद्याची गोष्ट नाही. ती अधिकृत नोंद हाच उद्याचा पुरावा असतो.

१६/
जगभर या विषयावर विचार झालेला आहे. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस सनद आली. त्याच धर्तीवर जहाजांसाठी २००३ मध्ये बार्सिलोना सनद आणि रेल्वेसाठी २००५ मध्ये रिगा सनद झाली. ऐतिहासिक मोटारींसाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये ट्युरिन सनद मांडली. तिचा आशय थोडक्यात असा: सुरक्षिततेसाठी किंवा चालवण्यासाठी बदल करावा लागला तर तो कमीत कमी आणि शक्यतो उलटवता येण्याजोगा असावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच ठेवावेत.

१७/
हा विचार युरोपचा म्हणून दूरचा मानण्याचे कारण नाही. वर्ध्यात त्याचा देशी नमुना त्याहून कितीतरी जुना आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले हे संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगांना वाहिलेले आहे. चरखा हे त्या चळवळीचे यंत्र, आणि त्यात सतत सुधारणा होत होत्या. पेटीत मावणारा येरवडा चरखा आला, पायाने चालवायचा दोन चात्यांचा मगन चरखा आला, स्वातंत्र्यानंतर अंबर चरखा आला.

१८/
सुधारित चरखा आला म्हणून जुना चुलीत घातला गेला असता, तर सुधारणा झाली हे तरी कसे कळले असते? जुने आणि नवे शेजारी ठेवले, की एका पिढीने कोणती अडचण सोडवली ते डोळ्यांनी दिसते. मोटारीचे इंजिन हा चरख्याहून वेगळा विषय वाटेल. गांधीजींना तर मोटारींचे फारसे कौतुकही नव्हते. पण यंत्राची वाटचाल जपण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

१९/
याच्या उलट, लोखंड विखुरले की काय होते, हे वऱ्हाडच्या ‘शकुंतला’ रेल्वेकडे पाहून उमजते. पुलगाव-आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची अरुंद रेल्वे वर्धा जिल्ह्यातली. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांची ती बहीण. तिन्ही किलिक निक्सनशी संबंधित एकाच खासगी कंपनीच्या. कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत आणणे हे त्यांचे मुख्य काम. यवतमाळच्या मार्गावर १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन सुमारे सत्तर वर्षे गाडी ओढत राहिले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेलने घेतली.

२०/
डिझेल आले म्हणून गाडी पुढेही चालली, हे खरे. पण वाफेच्या इंजिनाबरोबर पाण्याच्या टाक्या, कोळशाचे ढीग, फायरमनचे कसब आणि इंजिनाची देखभाल करणारे हात हे सगळेच निरुपयोगी ठरले. एक भाग बदलला, की त्याच्याभोवतीचे जगही बदलते. जुने इंजिन हे त्या जगाचे प्रवेशद्वार असते. अरुंद मार्गाचे रुंदीकरण व्हावे, अशी तेथील लोकांची मागणी न्याय्यच आहे. परंतु सुधारणा आणि जतन यांत निवड करावी लागते, हा समजच चुकीचा आहे. दोन्ही एकाच अंदाजपत्रकात बसू शकतात.

२१/
आता आक्षेप. पहिला आक्षेप शेतकऱ्याचा असू शकतो. बैलबंडीची धाव झिजली की नवी चढवतात, आरे बदलतात, आस बदलतात. जुने लाकूड सरपणात जाते आणि बंडी तीच राहते. मग मोटारीचेच कौतुक कशाला? फरक असा, की बंडीचे ज्ञान गावच्या सुताराच्या हातात होते आणि तो तसाच आरा पुन्हा घडवू शकत होता. १९५० चा कार्ब्युरेटर वर्ध्यात कोणी घडवू शकत नाही. शिवाय ते सुतारही आता कमी झाले, आणि त्यांच्या बंडीचे जुने चाक आज हॉटेलच्या शोभेपुरते उरले आहे. बंडीच्या बाबतीत झालेली चूक मोटारीसाठी आदर्श ठरू नये.

२२/
दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशाचा. इंजिन एकट्या माणसाला उचलत नाही. शहरातल्या सदनिकेत ते ठेवणार कुठे? हा आक्षेप खरा आहे, म्हणून अग्रक्रम ठरवावा. सर्वांत आधी क्रमांक असलेला ब्लॉक. नंतर हेड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो, कारण हे भाग छोटे असून पुन्हा मिळणे अवघड. त्यानंतर गिअरबॉक्स आणि डॅशबोर्डवरची मूळ घड्याळे. झिजलेले बेअरिंग, फाटलेले पट्टे, गंजलेला सायलेन्सर यांचे छायाचित्र आणि माप घेऊन त्यांना निरोप देण्यास हरकत नाही.

२३/
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एका घरी पडून राहिलेल्या कार्ब्युरेटरमुळे दुसऱ्या गावची गाडी चालू शकत असेल, तर तो अडवून ठेवणे म्हणजे साठेबाजी नव्हे काय? येथे थोडा विवेक लागतो. क्रमांक नसलेले आणि सारख्याच नमुन्याचे भाग द्यावेत. मात्र कोणत्या गाडीतून कोणत्या गाडीत गेला याची चिठ्ठी दोन्ही घरी राहावी. क्रमांकाचा ब्लॉक मात्र गाडीपासून तोडू नये. रक्तदान करावे, पण ओळखपत्र देऊन टाकू नये.

२४/
राखणे म्हणजे कोपऱ्यात टाकणे नव्हे. इंजिनातले पाणी आणि तेल पूर्ण काढावे. प्लगच्या भोकांतून थोडे ताजे तेल सोडून क्रँक हाताने फिरवावा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींवर थर बसतो. भोके बंद करावीत. उघड्या पृष्ठभागांना ग्रीस लावावे. जमिनीची ओल लागू नये म्हणून लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकदा पाहावे. प्रत्येक भागाला धातूची चकती बांधावी: गाडीचा क्रमांक, भागाचे नाव, काढल्याची तारीख, कारण. कागदी चिठ्ठी उंदीर आणि वाळवी यांच्या हवाली होते.

२५/
या नोंदीत मिस्त्रीचे नाव असणे फार आवश्यक आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील ज्या कारागिरांनी पुस्तक न वाचता, कानाने ऐकून इंजिने जुळवली, त्यांचा इतिहास कुठल्याही दप्तरात नाही. तो आहे घासलेल्या नटांवर, हाताने कापलेल्या गॅस्केटवर, पितळ ओतून भरलेल्या तडीवर. मूळ भाग घासून-पुसून नवाकोरा करण्याचा मोह त्यासाठीच टाळावा. दुरुस्तीची खूण हीच त्या कारागिराची सही आहे.

२६/
आणि नव्या भागांचीही तितक्याच निगुतीने नोंद व्हावी. कोणते इंजिन बसवले, का बसवले, किती खर्च आला, चासीला कुठे भोक पाडले. आज जो बदल साधा वाटतो तो तीस वर्षांनी इतिहास असेल. बैल जुंपलेली फोर्ड हे त्याचेच उदाहरण. त्या काळी ती एक व्यवहारी, थोडी गमतीदार सोय होती. आज ती एका विचारपर्वाची साक्षीदार म्हणून सांगितली जाते.

२७/
इतिहासप्रेमी तरुणांनी गडकोट आणि ताम्रपट अवश्य पाहावेत. पण पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर गोठ्यातल्या किंवा गॅरेजमधल्या त्या कळकट लोखंडाकडेही एकदा पाहावे. फडक्याने ब्लॉकची बाजू पुसावी, क्रमांक सापडला तर लिहून घ्यावा, आजोबांच्या कपाटातल्या नोंदणी-पुस्तिकेशी ताडून पाहावा. आजोबा असतील, तर इंजिन केव्हा आणि का बदलले तेही विचारून घ्यावे. हे काम भंगारवाला दारात येण्याआधी व्हायला हवे. तो दर आठवड्याला येतो.